सिंबॉल फॉन्टमधली चिन्हं कोरीवकामाला थेट वापरता येतात का?

नक्षी_सांगली

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहितोय, थोडं लांब होईल, सांभाळून घ्या.

आमचं भांड्यांवर नाव घालायचं छोटं दुकान आहे. वडिलांनी तीस वर्षं इलेक्ट्रिक पेननं नावं घातली, लग्नाच्या सीझनला रात्री बारापर्यंत बसून स्टीलच्या डब्यांवर "यांजकडून सप्रेम भेट" लिहायचे. मागच्या दिवाळीत मी २० वॅटचं फायबर लेझर मशीन घेतलं, लेन्स ११० बाय ११० मिमीची आहे, म्हणजे एका वेळी एवढ्याच जागेत कोरता येतं. शिवाय एक जुनं डायमंड ड्रॅगचं, म्हणजे हिऱ्याच्या टोकानं रेघ ओढणारं मशीन आहे, त्यावर चांदीची ताटं आणि पितळेच्या पाट्या होतात.

आता मुंजीची एक ऑर्डर आलीय, तांब्याची छोटी ताम्हनं, ५१ नग. तळ साधारण ९० मिमी सपाट आहे. मधोमध चार ठिपक्यांचा स्वस्तिक, भोवती वेलबुट्टीची गोल बॉर्डर आणि आत बटूचं नाव नि तारीख, असं त्यांना हवंय. अक्षरं मी करतो, पण नक्षी मला काढता येत नाही आणि डिझायनरकडून काढून घ्यायची तर एवढ्या ऑर्डरमध्ये परवडत नाही. माझा एक मित्र पूर्वी लग्नपत्रिकांचं डीटीपी करायचा, त्यानं मला पेन ड्राइव्हमध्ये साठेक फॉन्ट दिले. त्यात अक्षरंच नाहीत, के दाबलं की कलश येतो, जी दाबलं की गणपती, एम ला मोर, एका फॉन्टमध्ये तर नुसते कोपरे आणि वेलींचे तुकडे आहेत. बघून एवढा आनंद झाला की विचारू नका, तयार नक्षीचा खजिनाच हातात आल्यासारखं वाटलं.

पण प्रत्यक्षात तीन अडचणी आल्या. एक म्हणजे डायमंडच्या मशीनवर मोर घेतला तर प्रत्येक रेघ डबल आली, म्हणजे रेघेच्या दोन्ही कडा कोरल्या गेल्या आणि मधला भाग तसाच राहिला. दुसरं म्हणजे फायबरवर १२ मिमीचा मोर केला तर त्याचा डोळाच गायब, आणि पंखाची दोन पिसं जिथं एकमेकांवर येतात तिथं पांढरे ठिपके राहिले. आणि तिसरं म्हणजे हे असं वापरणं चालतं का, परवानगीच्या दृष्टीनं? मी माल विकतोय, घरच्यासाठी करत नाहीये. जाणकारांनी सांगा, ऑर्डर द्यायला अठरा दिवस आहेत.

खिळे_ते_कोरल

भाऊ, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण तुम्ही जे करताय ना त्यासाठीच ही चिन्हं जन्माला आली. मी पत्रिकांच्या छापखान्यात खिळे, म्हणजे धातूची अक्षरं जुळवायला लागलो तेव्हा आमच्याकडे अक्षरांच्या केसशेजारी (केस म्हणजे खणांची पेटी) एक वेगळी केस असायची, त्यात नुसती फुलं, वेली, कोपरे, कलश, हात जोडलेली आकृती, आणि गणपतीचा ब्लॉक वेगळा. पत्रिकेची चौकट कोणी चितारी काढायचा नाही, कंपोझिटर तेच चार तुकडे उलटसुलट लावून चौकट उभी करायचा, एकच तुकडा फिरवून लावला की वेल उजवीकडे जायची नाहीतर डावीकडे. युरोपात १६ व्या शतकात रोबेर ग्राँजाँ नावाच्या फ्रेंच माणसानं असे वेलबुट्टीचे तुकडे कापले होते जे जोडून शेकडो नक्ष्या होतात, तेव्हापासून ही रीत आहे. ज्यांना नक्षी काढता येत नाही पण मांडता येते त्यांच्यासाठीच ते साधन, त्यामुळे मनात काही कमीपणा आणू नका.

कॉम्प्युटरवर हीच केस आली. हेरमान झाफ या अक्षर-रचनाकारानं १९७७ च्या सुमारास हजारेक चिन्हं काढली होती, त्यातली निवडून झाफ डिंगबॅट्स झाला, तो पुढं लेझर प्रिंटरमध्ये बसवूनच यायला लागला. विंगडिंग्ज मायक्रोसॉफ्टनं १९९० मध्ये आणला, तो ल्युसिडा या फॉन्टच्या आयकॉन, बाण आणि ताऱ्यांच्या संचातून बनलाय, बिगेलो आणि होम्स या दोघांचं काम. हे दोन्ही फॉन्ट मोठे करून बघा, एकेका चिन्हाला मोजकेच नोड (रेघ जिथं वळते ते बिंदू), वळणं तुपासारखी. आता तुमच्या पेन ड्राइव्हमधला मोर मोठा करून बघा. मी पैजेवर सांगतो तो कोणीतरी पुस्तकातून स्कॅन करून ऑटो ट्रेस मारलेला, म्हणजे कॉम्प्युटरनं आपोआप रेघा काढलेला असणार, कडा थरथरलेल्या आणि एका पिसात पाच-सहाशे नोड.

म्हणून माझी पद्धत सांगतो. चिन्ह टाइप करायचं, साइज ५०० पॉइंटच्या वर न्यायची, कोरलड्रॉ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल + क्यू मारून कर्व्ह करायचं (म्हणजे ते अक्षर न राहता नुसता आकार होतो), मग शेप टूल घेऊन नुसतं बघत बसायचं, पाच मिनिटं. जिथं सरळ रेघेवर उगाच तीन-चार नोड आहेत ते काढून टाकायचे. इंकस्केप या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नोड कमी करायला सिंप्लिफाय आहे, कंट्रोल + एल, पण ते एकदाच मारा, दोनदा मारलं की कलशावरच्या नारळाची शेंडी गोळा होते, कोपरे बोथट होतात. साफ केलेलं प्रत्येक चिन्ह वेगळ्या फाइलमध्ये नावानिशी ठेवा. मी असा संग्रह बारा वर्षांत केलाय, २१० चिन्हं झालीत, आणि साठ फॉन्टपेक्षा त्या २१० वर माझा जास्त जीव आहे.

बॉर्डरचं वेगळं सांगतो कारण तिथं सगळे चुकतात. बॉर्डर फॉन्टमधला तुकडा कर्व्ह करून कॉपी-पेस्ट करत बसू नका, तो अक्षर असतानाच वापरा. तुकड्याची रुंदी फॉन्टमध्येच अशी ठरवलेली असते की तेच अक्षर चोवीस वेळा दाबलं की चोवीस तुकडे बरोब्बर चिकटून बसतात, तुम्हाला काही जुळवावं लागत नाही. कर्व्ह सगळ्यात शेवटी करायचं आणि मग वेल्ड, म्हणजे सगळे आकार एकजीव करायचे, त्यामुळे जोडावर रेघ राहत नाही. गोलाचं गणित असं, ८४ मिमी व्यासाचा गोल घेतला तर परीघ २६४ मिमी, म्हणजे ११ मिमीचे २४ तुकडे. पण टेक्स्ट गोलावर चढवलं की प्रत्येक तुकडा सरळच राहतो, वाकत नाही, मग बाहेरच्या बाजूला फटी पडतात आणि आतल्या बाजूला टोकं एकमेकांत घुसतात. तुकडा जितका लहान तितकं हे कमी दिसतं. वेल खरोखर वाकवायची असेल तर इंकस्केपमध्ये पॅटर्न अलाँग पाथ म्हणून इफेक्ट आहे, तो सरळ पट्टी गोलावर वाकवून देतो, ताम्हनाला तेच शोभेल.

अजून एक, ते जुने फॉन्ट युनिकोड नाहीत (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला-चिन्हाला जगभर एकच ठरलेला कोड), के ला कलश हे फक्त त्या फॉन्टपुरतं खरं. एक दिवस बसून प्रत्येक फॉन्टचा तक्ता छापून घ्या आणि भिंतीला लावा. गिऱ्हाईक तक्त्यावर बोट ठेवून सांगतं, तुमचा निम्मा वेळ वाचतो.

फायबर_पिंपरी

वरच्या काकांनी नोडचं सांगितलं ते शंभर टक्के. मी ट्रॉफी आणि नेमप्लेट करतो, नऊ वर्षं झाली, आता तुमच्या पांढऱ्या ठिपक्यांचं आणि डोळ्याचं सांगतो.

पांढरे ठिपके म्हणजे ओव्हरलॅप. फॉन्ट बनवणाऱ्यानं दोन पिसं दोन वेगळे आकार म्हणून एकमेकांवर ठेवली. स्क्रीनवर आणि प्रिंटरवर फॉन्ट म्हणून ते भरीव दिसतं कारण तिथं भरायचा नियम वेगळा असतो, पण कर्व्ह करून लेझरच्या सॉफ्टवेअरला दिलं की ते एक-आड-एक मोजतं, पहिली कड ओलांडली की भर, दुसरी ओलांडली की सोड, त्यामुळे जिथं दोन आकार एकमेकांवर तिथं ते भोक समजतं. उपाय सोपा आहे, आधी वेल्ड किंवा युनियन करा आणि मगच हॅच, म्हणजे आत भरायच्या रेघा द्या. पण याच्या उलट चूकही होते, कोरलमध्ये कंट्रोल + के मारून ब्रेक अपार्ट केलं की खरी भोकं, म्हणजे मोराचा डोळा, कलशावरच्या आंब्याच्या पानांमधल्या फटी, हे सुटे आकार होतात आणि मग सगळं एकत्र भरलं जातं. ब्रेक अपार्ट केलं असेल तर नको त्या गोष्टी काढून परत कंबाइन करा.

पण मला वाटतं तुमचा डोळा वेगळ्या कारणानं गेलाय. फॉन्टमधलं चिन्ह समजा १००० युनिट उंच आहे आणि डोळ्याचं भोक १२ युनिटचं. १२ मिमी उंचीला ते ०.१४४ मिमी होतं. लेझरचा ठिपका स्वतःच ०.०५ मिमीच्या आसपास धरा, वरून तांब्यात उष्णता पसरते, दोन्ही बाजूंनी कड थोडी खाल्ली जाते, मग उरलं काय. कागदावर १२ मिमीचा मोर छान दिसतो म्हणून धातूवर दिसेल असं नाही. मी स्वतःपुरता नियम केलाय की कोणतंही भोक किंवा दोन रेघांमधली फट ०.३ मिमीपेक्षा कमी असेल तर ती उघडून मोठी करायची नाहीतर सरळ बुजवायची. लहान मोराला डोळा हाताने मोठा करा, प्रमाणात थोडा विचित्र वाटेल स्क्रीनवर, पण ताम्हनावर जिवंत दिसेल.

आता स्वस्तिक. यासाठी फॉन्ट शोधूच नका. पाच बाय पाच चौकोनांची जाळी घ्या, मधली आडवी ओळ आणि मधली उभी ओळ भरा, मग वरच्या टोकापासून उजवीकडे दोन चौकोन, उजव्या टोकापासून खाली दोन, खालच्या टोकापासून डावीकडे दोन, डाव्या टोकापासून वर दोन. सतरा चौकोन होतात, वेल्ड करा, चार ठिपके चार रिकाम्या जागांत ठेवा, झालं, त्याच्याइतका स्वच्छ स्वस्तिक कुठल्याच फॉन्टच्या सीडीवर मिळणार नाही. तयारच हवा असेल तर युनिकोडमध्ये तिबेटी लिपीच्या भागात ठिपक्यांचा उजवा स्वस्तिक आहे, कोड ०एफडी७, इंकस्केपमध्ये कंट्रोल + यू दाबून कोड लिहायचा आणि एंटर. मात्र ते चिन्ह असलेला फॉन्ट मशीनवर हवा आणि शेजारचा ०एफडी८ घेऊ नका, तो डावा आहे.

हे एवढं ठासून का सांगतोय त्याला कारण आहे. चार वर्षांपूर्वी एका घराची ॲक्रिलिकची पाटी केली, ॲक्रिलिक मागून कोरतो आम्ही, म्हणून सगळं मिरर करावं लागतं. नाव मिरर केलं, पत्ता मिरर केला, आणि अगदी शेवटी गिऱ्हाइकाचा फोन आला की वर स्वस्तिक टाका, तो मी फॉन्टमधून ओढून ठेवला आणि मिरर करायचा राहिला. पाटी लागली, वास्तुशांतीच्या दिवशी त्यांच्या आजींच्या लक्षात आलं की स्वस्तिक उलटा आहे. मी दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन पाटी घेऊन गेलो आणि आजींची माफी मागितली. अक्षर उलटं झालं तर कोणालाही कळतं, चिन्ह उलटं झालं तर आपल्याला कळत नाही पण पूजा करणाऱ्याला कळतं. तेव्हापासून चिन्ह आधी, अक्षरं नंतर, आणि सगळं ग्रुप करून मगच मिरर.

सागवान_सावंतवाडी

मी लाकडावर राऊटरनं, म्हणजे फिरत्या बिटनं कोरणाऱ्या मशीननं करतो, लेझर नाही, पण सिंबॉल फॉन्टचा सगळ्यात चांगला उपयोग माझ्या मते आमच्याकडे होतो. व्ही आकाराचं बिट असतं ना, त्याला बंद आकारच लागतो, आणि फॉन्टमधलं प्रत्येक चिन्ह बंद आकारच असतं. बिट रेघेच्या मधून जातं, रेघ रुंद झाली की खोल उतरतं, अरुंद झाली की वर येतं, त्यामुळे वेलीची पानं टोकाला आपोआप निमुळती होतात. साधा छापायचा फॉन्ट, पण लाकडात आल्यावर त्याला उतार मिळतो, सावली पडते, बघत राहावंसं वाटतं.

फक्त भरीव चिन्हांपासून सावध. ९० अंशाच्या बिटला खोली रुंदीच्या निम्मी. म्हणजे ४ मिमीची वेल २ मिमी खोल, उत्तम. पण कलशाचं पोट ३० मिमी रुंद असेल तर बिट १५ मिमी खाली जायला बघणार, माझी फळी १८ ची, राहिलं काय खाली. ६० चं बिट तर त्याहून खोल जातं, रुंदीच्या ०.८६६ पट, म्हणजे २६ मिमी, फळीच्या आरपार. म्हणून सपाट खोलीची मर्यादा टाका, ४-५ मिमी, तळ फ्लॅट बिटनं काढा. फॉन्ट निवडतानाच रेघांचा निवडा, भरीव सावलीचा नको.

आणि तुमच्या डायमंडच्या डबल रेघेबद्दल. तो मशीनचा दोष नाही, फॉन्टचा स्वभावच तो आहे, फॉन्ट म्हणजे रेघ नसते, रेघेची सीमा असते. तुम्हाला एकेरी रेघेचं चिन्ह हवं. त्यासाठी हर्शी फॉन्ट बघा. ॲलन हर्शी म्हणून अमेरिकेत नौदलाच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९६७ मध्ये हे प्रसिद्ध केले, पेननं रेघ ओढणाऱ्या यंत्रासाठी, त्यात अक्षरांबरोबर ग्रहांची, नकाशांची, संगीताची चिन्हंसुद्धा आहेत. इंकस्केपमध्ये हर्शी टेक्स्ट एक्स्टेंशन तयारच असतं. देवनागरी त्यात नाही. आपल्या चिन्हांसाठी दुसरा रस्ता, चिन्ह मोठ्या साइजला काळं-पांढरं चित्र म्हणून एक्स्पोर्ट करा आणि ट्रेस बिटमॅपमध्ये सेंटरलाइन निवडा, ते मधून एकच रेघ काढून देतं. जोडांवर गुंता होतो, तो हाताने सोडवावा लागतो, पण वेलीसाठी झकास चालतं.

तांबट_गल्ली

मंडळी, सगळ्यांचं वाचलं, मशीनचं मला फार कळत नाही, पण आमच्या घरात तीन पिढ्या तांब्याचं काम आहे म्हणून दोन शब्द. ताम्हन हे शोकेसमध्ये ठेवायचं भांडं नव्हे. रोज संध्येला, पूजेला पाणी पडणार, आणि दर आठवड्याला चिंच नाहीतर पितांबरी लावून घासलं जाणार. तांबं आधीच चकाकतं, लेझरचा बराच जोर परत फेकतं, त्यामुळे २० वॅटवर एका फेरीत जे उमटतं ते वरवरचं काळपट असतं, ते पहिल्या दोन दिवाळीत जाईल. सगळ्यात आधी जातात त्या केसासारख्या बारीक रेघा, ज्या या फॉन्टमध्ये फार असतात, कारण त्या कागदासाठी काढल्यात. कागदावर शाई थोडी पसरते आणि बारीक रेघ जाड होते, तांब्यावर उलट, घासून घासून रेघ बारीकच होत जाते.

आमचे आजोबा हाताने छिन्नीनं नक्षी करायचे तेव्हा आधी खडूनं वेल काढायचे आणि मग बोलायचे, "ह्यातलं काय नको?" पानात पाच शिरा असतील तर दोनच घ्यायचे. पान ओळखू येतं, आणि वीस वर्षांनीही येतं. तुम्ही फॉन्टची वेल जरूर घ्या, पण तिच्यातल्या निम्म्या शिरा काढा, उरलेल्या जाड करा, आणि त्याच जागेवर सहा-आठ फेऱ्या मारा, बोटाच्या नखाला अडकेल एवढी खोली आली पाहिजे. नख फिरवून बघणं ही आमच्याकडची परीक्षा आहे. वेळ लागेल, एका नगाला दहा मिनिटं लागली तरी लागू द्या, मुंजीचं ताम्हन तो मुलगा जन्मभर वापरणार आहे.

वाचून_वापरा

परवानगीचा प्रश्न राहिलाय, तो घेतो, कारण या बाबतीत मी एकदा पोळलोय. एका फुकट वेबसाइटवरून घेतलेल्या फॉन्टचं फूल आम्ही चाव्यांच्या किचेनवर हजार नगांत वापरलं, आणि नंतर फॉन्टसोबतची टेक्स्ट फाइल उघडून बघितली तर तिच्यात स्पष्ट लिहिलेलं की फक्त वैयक्तिक वापरासाठी. ज्यानं काढला त्याला मेल केला, त्यानं वाजवी पैसे सांगितले, आम्ही दिले, पण तो आठवडा फार वाईट गेला.

तर आधी ती टेक्स्ट फाइल वाचा. विकत घेतलेल्या फॉन्टमध्येसुद्धा साधं डेस्कटॉप लायसन्स बऱ्याचदा छापील कामापुरतं असतं, आणि चिन्ह हाच ज्या वस्तूचा मुख्य आकर्षणाचा भाग आहे अशा विक्रीच्या मालाला काही कंपन्या वेगळं लायसन्स मागतात. मित्रानं पेन ड्राइव्हमध्ये दिलेले साठ फॉन्ट म्हणजे परवाना नव्हे, डीटीपीचं पॅकेज त्यानं घेतलं असेल तर परवाना त्याच्या नावावर आहे. सरळ मार्ग हवा असेल तर ओपन फॉन्ट लायसन्सवाले फॉन्ट घ्या, ओएफएल म्हणतात, २००७ पासून त्याची १.१ आवृत्ती चालू आहे, त्यात फॉन्ट वापरून केलेल्या कामावर बंधन नाही, विका खुशाल. नोटो सान्स सिंबॉल्स, त्याचा दुसरा भाग नोटो सान्स सिंबॉल्स २, आणि एकरंगी नोटो इमोजी, तिन्ही असे आहेत आणि कडा अगदी स्वच्छ. रंगीत इमोजी मात्र कर्व्ह करायला नीट मिळत नाहीत, एकरंगीच घ्या.

आणि काही चिन्हं फॉन्टमध्ये असली तरी हात लावू नका. अशोक स्तंभ खूप जुन्या सिंबॉल फॉन्टमध्ये असतो, गिऱ्हाईक ट्रॉफीवर हमखास मागतं, पण राजचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, धंद्यात ते वापरता येत नाही. तसंच डॉक्टरच्या पाटीवर पांढऱ्यावर लाल क्रॉस, तो रेड क्रॉसचा आहे, १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यात त्याला संरक्षण आहे. डॉक्टरला एका सापाची काठी द्या, युनिकोडमध्ये २६९५ वर आहे. पंख आणि दोन साप असलेली जी लोक देतात ती ग्रीकांच्या व्यापाराच्या देवाची काठी, वैद्यकाची नव्हे. कार्टूनच्या चेहऱ्यांचे फॉन्ट असतात, वाढदिवसाच्या मगवाले वापरतात, ते चेहरे कोणाच्या तरी मालकीचे आहेत, फॉन्टमध्ये घातले म्हणून मोकळे होत नाहीत. कलश, स्वस्तिक, ॐ, पान-फूल यांचा आकार सगळ्यांचा आहे, पण एखाद्यानं काढलेला विशिष्ट कलश त्याचा आहे, एवढा फरक लक्षात ठेवा.

नक्षी_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आज सोळावा दिवस, काय केलं ते लिहितो म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

पेन ड्राइव्हमधल्या फॉन्टचा परवाना मित्रालाही सांगता आला नाही, म्हणून ते बाजूला ठेवले. नोटोच्या सिंबॉल्समधलं एक पान घेतलं, ५०० पॉइंटला मोठं करून कर्व्ह केलं, वेल्ड केलं, देठ थोडा वाकवला आणि त्याचं आरशातलं रूप शेजारी ठेवून ११ मिमीचा तुकडा तयार केला. काका, तुमचं गणित तंतोतंत बसलं, २४ तुकडे आणि पॅटर्न अलाँग पाथनं गोल पूर्ण, जोड कुठं आहे ते मलाच सापडत नाही. पानात मधली एक शीर ठेवली बाकी सगळ्या काढल्या. स्वस्तिक सतरा चौकोनांचा केला. नाव श्री सकट इंकस्केपमध्ये लिहून कर्व्ह करून नेलं, कारण आमच्या मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट टाइप केलं की श्री फुटून श आणि र वेगळे होतात.

पहिल्या नगाला चार फेऱ्या मारल्या, नख अडकलं नाही. सहाला थोडं अडकलं. आठला नीट अडकलं, वेळ अकरा मिनिटं. मग ते एक ताम्हन आईला दिलं आणि मुद्दाम सांगितलं की रोज घास, पाच दिवस तिनं पितांबरीनं रोज घासलं, पानं आहेत तशी आहेत, उलट घासल्यावर खोलगट भाग काळसर राहतो आणि वरचं तांबं चमकतं, नक्षी जास्तच उठून दिसते. काल रात्री ५१ वा नग झाला. वडिलांनी एक हातात घेतलं, चष्मा वर करून, अंगठ्याचं नख बॉर्डरवरून पूर्ण गोल फिरवलं आणि म्हणाले, "तारखेचा ठिपका खोल नाही."

बघितलं तर खरंच, तारखेतले दोन ठिपके ०.२ मिमीचे राहिले होते. आता ते मोठे करून ५१ ही नगांवर परत मारतोय, जुन्या खुणेवर नेमकं बसवायला लाकडाचा गोल साचा केलाय. तांबट दादा, एक विचारायचं होतं, दुसऱ्यांदा मारताना कड थोडी उठते आणि हाताला लागते, ती तुम्ही कशानं बसवता?

तांबट_गल्ली

वडिलांना नमस्कार सांगा. कड उठते तिला हातोडी लावू नका, नक्षी बुजेल. ६०० चा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून लाकडाच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळा आणि एकाच दिशेनं हलक्या हातानं दोन-तीन वेळा फिरवा, गोल गोल फिरवू नका, ओरखडे दिसतात. मग १००० चा, आणि शेवटी चिंच लावून धुऊन कोरडं पुसा, पाण्याचा थेंब राहिला तर तिथं डाग पडतो. एका नगाला तीन मिनिटं लागतात, दोन दिवसांत आरामात होईल.